तेल बंद केलं, तरी लिव्हरवरची चरबी का राहते?

(अमरावती येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात एका कागदापासून करू. सोनोग्राफीचा रिपोर्ट. माणूस पोट दुखतं म्हणून जातो आणि कागदावर खाली एक ओळ सापडते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी असा कागद असेलच. मग घरात पहिला हुकूम सुटतो, तेल बंद! सहा महिन्यांनी तोच माणूस भेटतो आणि म्हणतो, “सर, तेल सोडलं, भाजी पाण्यात शिजवून खाल्ली, तरी चरबी हाये तशीच हाये. काऊन?”

या ‘काऊन’चं उत्तर आज शोधू.

आधी हिशेब बघा. यकृतात साठलेली चरबी येते कुठून? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर यासाठी एक प्रयोग झाला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण मोजकेच होते, पण मोजणी नेटकी होती. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के अंगावरच्या साठ्यातून रक्तावाटे आलेली होती. सुमारे 26 टक्के यकृताने स्वतः तयार केलेली, म्हणजे मुख्यतः साखर आणि पिष्टापासून. आणि जेवणातल्या तेलतुपातून थेट आलेली? फक्त 15 टक्के.

म्हणजे तेल सोडलं पण चहात तीन चमचे साखर तशीच, भात-पोळी वाढली, संध्याकाळी बिस्किटं सुरू झाली, तर यकृताचा आपला कारखाना चालूच राहतो.

आता दुसरा प्रश्न. थेट वाटा जर 15 टक्केच, तर कोणतं तेल खातो याने काही फरक पडतो का? पडतो. कारण तेल हे नुसतं जळण नाही. यकृताच्या पेशीला ते निरोपही देतं, आणि तो निरोप थेट जनुकांपर्यंत जातो.

जनुक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक पेशीत कृतींची एकच वही असते. डोळ्याच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीतही तीच. फरक एवढाच, की कोणती पानं उघडी आहेत. पान उघडलं की त्याची नक्कल निघते, नकलेवरून प्रथिन बनतं आणि ते कामाला लागतं. जेवण वही बदलत नाही. कोणतं पान किती वेळ उघडं राहील, ते मात्र बदलतं.

ही पानं उघडणारे यकृतात बरेच जण आहेत. आज दोनच मुकादम लक्षात ठेवू. जिनिंगमध्ये एक मुकादम माल भरून घेणारा आणि एक बाहेर काढणारा असतो ना, तसे.

भरून घेणारा मुकादम म्हणजे एसआरईबीपी-1सी. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या जनुकांची पानं हा उघडतो. याला कामाला लावतं इन्सुलिन. गंमत अशी, की हा पेशीत एका पडद्याला बांधलेला असतो. त्याचा एक तुकडा कापून मोकळा झाला, की मगच तो केंद्रकात जातो. हे सगळं कुटुंब 1990च्या दशकात डॅलसच्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने उलगडलं. कोलेस्टेरॉलच्या कामासाठी 1985 चं नोबेल मिळालेले हेच ते दोघे.

बाहेर काढणारा, म्हणजे चरबी जाळायला लावणारा मुकादम आहे पीपीएआर-अल्फा. हा 1990 मध्ये उंदरात सापडला. मेदाम्ल त्याला थेट जाऊन चिकटतं आणि जाळणाऱ्या जनुकांची पानं उघडतात.

आता तेलं या दोघांना काय सांगतात ते बघा. बहुअसंपृक्त मेदाम्लं, म्हणजे करडईतलं लिनोलेइक, जवसातलं अल्फा-लिनोलेनिक, माशातलं ओमेगा-3, ही पहिल्या मुकादमाला आवरतात. त्याची नक्कल कमी निघते आणि त्याचं कापून मोकळं होणंही कमी होतं. दुसऱ्या मुकादमाला ती चालना देतात. पामतेल, डालडा, लोणी यांतली संपृक्त मेदाम्लं पहिल्याला असं आवरत नाहीत. उलट उंदरांमध्ये ती त्याचं काम वाढवताना दिसली आहेत. शिवाय रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेणारे यकृताचे ग्राहक त्यांच्यामुळे कमी पडतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जनुकांच्या पातळीवरचं हे बरंचसं ज्ञान उंदीर, घुशी आणि काचपात्रातल्या पेशींवरून आलं आहे. धडधाकट माणसाच्या यकृताचा तुकडा कोण देणार? पण परिणाम माणसात मोजता येतो, आणि तो मोजलाही आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात 39 सडपातळ तरुण-तरुणींना 7 आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खायला दिले. एका गटाचे पामतेलातले, दुसऱ्याचे सूर्यफूल तेलातले. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं, साधारण 1.6 किलो. पण यकृतातली चरबी पामतेलाच्या गटात स्पष्टपणे जास्त वाढली. हा प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनकाट्याला जे दिसलं नाही, ते यकृताला कळलं.

सडपातळ हा शब्द मुद्दाम वापरला. “मी तर काडीपैलवान, मला कसलं फॅटी लिव्हर?” असं म्हणणारे खूप. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपली चरबी कपड्यांवरून दिसत नाही, ती आत असते.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. रब्बीला हरभऱ्याच्या कडेने करडई आणि जवस पेरायची रीत इथली जुनी. भाकरीवर जवसाची चटणी आणि वरून कच्चं तेल हे गरिबाचं जेवण समजलं जायचं. कपाशीमुळे सरकीचं तेल आलं, डबाबंद वनस्पती तूप आलं, पुढे सोयाबीनने रानं भरली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही पिंक’सारखे करडईचे वाण दिले, पण ताटातली करडई मागेच पडली.

यकृताच्या नजरेने ही यादी अशी दिसते. करडईत सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक. जवसात निम्म्याहून थोडं जास्त अल्फा-लिनोलेनिक. सोयाबीनमध्ये निम्मं लिनोलेइक आणि 7 टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक. सरकीत निम्मं लिनोलेइक, पण जवळजवळ चौथा हिस्सा संपृक्त पामिटिक. आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटही असायचं. त्यावर 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आली.

मग करडई किंवा सोयाबीनचा पिपा आणून भरपूर ओतायचं का? थांबा. पुण्यातल्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. पुण्यातल्या 234 प्रामुख्याने शाकाहारी लोकांचं एक जनुक तपासलं, एफएडीएस-2. या जनुकात काहींना 22 अक्षरांचा एक जादा तुकडा असतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून तो मिळालेले लोक पुण्याच्या गटात 68 टक्के निघाले. अमेरिकेच्या गटात 18 टक्के. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार करणाऱ्यांना तो उपयोगाचा होता. वनस्पतींच्या तेलातून लांब साखळीची मेदाम्लं बनवणं त्याने सोपं होतं. पण लिनोलेइकचा पूर आला, की त्यातून अ‍ॅराकिडोनिक आम्लही जास्त बनतं आणि त्यापासून दाह वाढवणारे रेणू तयार होतात. त्या संशोधकांनी याचसाठी सावध केलं. जवसातलं ओमेगा-3 त्याच यंत्रणेवर जागा अडवतं, म्हणून दोन्हींचा तोल हवा.

तात्पर्य काय? तेल बंद नाही, तेल बदला आणि मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या ताटात 2000 कॅलरींसाठी तेलतूप दिवसाला 27 ग्रॅम आहे. चार माणसांच्या घरात हे महिन्याला सव्वातीन किलोच्या आत बसतं. म्हणजे 15 किलोचा पिपा साडेचार महिने पुरला पाहिजे. तुमचा किती पुरतो, तारीख लिहून बघा.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : “जवसाचं तेल फोडणीला चालते का?” ताई, फोडणीला नको. ते तापवलं की लवकर खराब होतं. जवस हलकं भाजून चटणी करा, किंवा घाणीचं ताजं तेल कच्चंच वरून घ्या. पण चटणी खाऊन चहात तीन चमचे साखर आणि रात्री दारू चालू असेल, तर पहिला मुकादम चटणीचं ऐकणार नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी माझ्या व्याख्यानावरून बंद करू नका.

उद्या सकाळी पोहे करताना फोडणीचं तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने घाला.