यंत्राच्या पडद्यावरील इशारे

टर्नरचा किंवा मशिनिस्टचा दाखला हाती घेऊन रत्नागिरीचा जो तरुण मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत अथवा घाटावर कोल्हापूर-पुण्याच्या कारखान्यांत रुजू होतो, त्याच्यापुढे आज बहुधा संगणकनियंत्रित, म्हणजे सीएनसी, यंत्र येऊन उभे राहते. जुन्या लेथवर कारागिराचा हात चाकावर असे आणि धातूचा विरोध त्याला तळहातातून उमगत असे. या यंत्राला हुकूम अंकांनी दिले जातात, टूल बंद दाराआड चालते, आणि आतल्या व्यवहाराची वर्दी मुख्यत्वेकरून पडद्यावरच मिळते. तो पडदा वाचता येणे ही या धंद्यातील पहिली साक्षरता होय, असे माझे निश्चित मत आहे.

1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे चालवून दाखविले, तेव्हा त्या आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून यंत्रात जात. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली आणि यंत्राला आपली अवस्था अक्षरांनी सांगता येऊ लागली.

आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचेच, म्हणजे नियंत्रक संगणकाचे, उदाहरण घेऊ. पडद्याच्या तळाशी एक ओळ असते. तिच्या आरंभी यंत्र कोणत्या मोडमध्ये आहे ते दिसते : ‘मेम’ म्हणजे साठविलेला प्रोग्रॅम चालविण्याची तयारी, ‘एडिट’ म्हणजे त्यात दुरुस्तीची मुभा, ‘जॉग’ म्हणजे बटणाने अक्ष सरकविणे. त्यापुढे ‘स्टार्ट’ किंवा ‘होल्ड’ यांची संक्षिप्त अक्षरे येतात. ‘होल्ड’ दिसत असता यंत्र निश्चल भासले, तरी त्याचे काम संपलेले नसते, ते केवळ थांबविलेले असते; अशा वेळी सायकल स्टार्टचे बटण दाबताच टूल उरलेल्या मार्गाने निघते. ही एक ओळ न वाचता दारात हात घालणारा मनुष्य आपला जीव धोक्यात घालतो.

पोझिशनच्या पानावर अंकांचे चार तक्ते असतात आणि त्यांतील ‘डिस्टन्स टू गो’ हा तक्ता नवशिक्याने विशेष आदराने पाहावा, कारण चालू आज्ञेतले किती अंतर कापावयाचे उरले आहे हे तोच सांगतो. नवा जॉब लावल्यावर अनुभवी सेटर सिंगल ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच आज्ञा, चालू ठेवून, रॅपिडचा, म्हणजे न कापता जलद सरकण्याचा, वेग अगदी कमी करून टूल जॉबजवळ आणतो आणि मध्येच होल्ड करतो. पडद्यावर चाळीस मिलिमीटर शिल्लक आणि डोळ्यांना मात्र टूल व जॉब यांत जेमतेम दहाच दिसत असतील, तर ऑफसेट, म्हणजे टूल वा जॉबच्या स्थानाचे भरलेले माप, चुकला आहे हे त्याला टक्कर होण्यापूर्वीच कळते.

अलार्म आला की तळच्या त्याच ओळीत त्याची संक्षिप्त अक्षरे लुकलुकू लागतात. अलार्मच्या क्रमांकांचीही एक शिस्त आहे : नव्या कंट्रोलवर ‘ओटी’ने आरंभ होणारा क्रमांक अक्षाने हद्द ओलांडल्याचा, ‘एसव्ही’चा सर्व्होतील बिघाडाचा, तर ‘पीएस’चा बहुधा प्रोग्रॅममधील चुकीचा असतो. रीसेट दाबून संदेश घालविण्याआधी तो क्रमांक नोंदवहीत उतरवून घ्यावा, म्हणजे देखभाल करणाऱ्यास कारणाचा माग लागतो. बॅटरीचा इशारा तर कोकणात कधीच उपेक्षू नये. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि वीज नसता अक्षांच्या स्थानाची आठवण अनेक यंत्रांत एका लहानशा बॅटरीवरच टिकून असते. ती संपली की यंत्र आपला मूळ बिंदू विसरते आणि संदर्भ पुन्हा बसविण्यात कामाची पाळी खर्ची पडते. अशी बॅटरी सामान्यतः यंत्राचा वीजपुरवठा चालू ठेवूनच बदलावी लागते, बंद करून नव्हे. त्यापूर्वी यंत्राची पुस्तिका अवश्य पाहावी.

हे ज्ञान दुर्मिळ नाही, परंतु ते इंग्रजी पुस्तिकांत अडकून पडले आहे. तेव्हा कारखान्यांच्या चालकांना व प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पडद्यावरील इशारे, त्यांचे अर्थ आणि प्रत्येकावरची पहिली कृती यांचा एक तक्ता स्वच्छ मराठीत लिहून प्रत्येक यंत्राशेजारी लावावा, आणि तो वाचता येतो याची खात्री पटल्यावाचून कोणाही शिकाऊ कामगाराला सायकल स्टार्टचे बटण दाबू देऊ नये.