नदी आणि सागर यांच्या कात्रीत सापडलेले सेंट लुई

सेनेगलची राजधानी डाकारपासून उत्तरेस सुमारे २६० किलोमीटर अंतरावर सेंट लुई हे शहर वसले आहे. अमेरिकेतील याच नावाच्या शहराशी त्याची गल्लत होऊ नये. सेंट लुई प्रांताचे ते मुख्यालय असून वोलोफ भाषेत त्याला न्दार म्हणतात. फ्रेंचांनी १६५९ मध्ये येथे व्यापारी ठाणे उभारले आणि १८९५ ते १९०२ या काळात फ्रेंच पश्चिम आफ्रिकेचा कारभार येथूनच चालला. बेटावरील जुन्या वसाहतीला २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

शहराचे तीन भाग आहेत. पूर्वेस मुख्य भूमीवर सोर, मध्यभागी नदीच्या पात्रातील चिंचोळे बेट आणि पश्चिमेस लांग द बार्बरी ही वाळूची लांबट पट्टी. सोर आणि बेट यांना जोडणारा सुमारे ५०० मीटर लांबीचा फेदर्ब पूल १८९७ मध्ये खुला झाला. तो आयफेल यांनी बांधल्याचे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. वाळूच्या पट्टीवर गेट न्दार ही कोळ्यांची अतिशय दाट वस्ती असून तिच्या एका बाजूस नदी, तर दुसऱ्या बाजूस अटलांटिक महासागर आहे.

ही पट्टी सागरानेच घडविली आहे. गिनीतील फुता जालोन डोंगराळ प्रदेशात उगम पावणारी सेनेगल नदी सेंट लुईजवळ सागराच्या अगदी निकट येते, परंतु तेथे त्यास मिळत नाही. वायव्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्यालगतची वाळू सतत दक्षिणेकडे ढकलतात. त्या वाळूच्या बांधाआडून नदीला दक्षिणेकडे वाहावे लागते. २००३ पूर्वी तिचे मुख शहरापासून सुमारे ३० किलोमीटर दूर सरकले होते.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुराचे पाणी शहरात शिरू लागले. पुराला जवळची वाट मिळावी म्हणून शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर पट्टीत केवळ चार मीटर रुंदीचा चर खणण्यात आला. पूर ओसरला, शहर वाचले. परंतु काही दिवसांतच तो चर २०० मीटरहून अधिक रुंदावला आणि पुढील वर्षांत त्याची रुंदी किलोमीटरांत मोजावी लागली. नदीला नवे मुख मिळाले. सागरालाही आत येण्यास नवे द्वार मिळाले. भरतीचे पाणी अधिक वेगाने आत येऊ लागले. गांदिओल परिसरातील विहिरी व भाजीचे मळे खारावले आणि दून बाबा दिये हे गाव पाण्याखाली गेले. नव्या मुखावरील उसळत्या लाटांतून नाव बाहेर काढताना कोळ्यांचे प्राण धोक्यात येतात.

खारे पाणी याहून वर चढत नाही, याचे कारण १९८६ मध्ये पूर्ण झालेले दियामा धरण. त्याच्या वरच्या बाजूस १६,००० हेक्टरांचे जुज पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात युरोपातून असंख्य पक्षी तेथे येतात आणि पेलिकनांची मोठी वीण होते. मात्र पाणी बारमाही गोडे झाल्याने पाणवनस्पती माजल्या. त्यांच्या उपद्रवामुळे हे अभयारण्य २००० ते २००६ या काळात धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत होते.

गेट न्दारला २०१७ व २०१८ मध्ये लाटांनी पुन्हा तडाखा दिला आणि अनेक कुटुंबे बेघर झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने त्यांचे पुनर्वसन आतल्या बाजूस जुगोप येथे करण्यात येत आहे. तेथे लाटांचे भय नाही. मात्र होड्या अजूनही किनाऱ्यावरच असल्याने मासेमारीसाठी कोळ्यांना तेथून सागरापर्यंतचा प्रवास करावा लागतो.