हरळीची शिल्लक

आज मी आपल्याशीं गवताविषयीं बोलणार आहें. विषय क्षुल्लक वाटेल. पण घरापुढील चार हात जागेंत हिरवळ राखण्याचा खटाटोप ज्यांनीं केला आहे, त्यांस तो तितकासा क्षुल्लक वाटणार नाहीं.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर पुण्यांतील आमच्या सोसायटीच्या अंगणांतील हिरवळीची देखभाल मीं आपण होऊन अंगावर घेतली. गवत साधी हरळीच, गणपतीला आपण दूर्वा म्हणून वाहतों ती. दर पंधरवड्यास युरिया, रोज पाणी आणि आठवड्यास यंत्रानें अगदीं जमिनीलगत कापणी, असा माझा नेम होता. मार्चअखेर हिरवळ इतकी गर्द झाली कीं येणारेजाणारे थांबून पाहात, आणि मी मनांतल्या मनांत फुगत असें. मे महिन्यांत पाणी एक दिवसाआड येऊं लागलें आणि गवताचें तण झालें. पाऊस पडल्यावर तें फुटेल अशी आशा होती. फुटली ती कुंपणाकडेची हरळी, जिला कोणी कधीं खत दिलें नव्हतें कीं पाणी! हिरवळीचे मात्र टक्कल पडलेले पट्टे तसेच राहिले. ज्या मुलांना मी गवतावर पाय देऊं नका म्हणून दटावीत असें, तीं आतां तेथें चिखलांत खेळूं लागलीं.

मास्तरकीची खोड जात नाहीं. दोन्हीं ठिकाणची माती उकरून हरळीच्या काश्या काढल्या, आडव्या कापल्या आणि त्यांवर औषधाच्या पेटींतलें आयोडीन टाकलें. पिष्ट असेल तेथें आयोडीन निळेंकाळें होतें, हें आपण शाळेंत शिकलांच आहां. कुंपणाची काशी काळीभोर झाली. हिरवळीची पिंवळटच राहिली. सारा उलगडा त्या दोन चकत्यांत होता.

पान सूर्यप्रकाशांत साखर तयार करतें. तींतून श्वसनाचा व वाढीचा खर्च भागतो आणि उरेल ती हरळी पिष्टाच्या रूपानें काश्यांत व बुडख्यांत साठविते. थंड मुलुखांतील कांहीं गवतें पिष्टाऐवजीं फ्रुक्टान नांवाची शर्करा साठवितात, हिशेब तोच. शेतकरी हरळीला वैतागतो तो या गाठोड्यामुळेंच, कारण वरची पात खुरपली तरी जमिनींतील साठ्यावर ती पुन्हां उभी राहते.

आतां युरियाकडे वळूं. त्यांत शेंकडा ४६ भाग नायट्रोजन असतो. मुळांनीं घेतलेला नायट्रोजन वनस्पतीला अमिनो आम्लांत गुंफावा लागतो. त्या गुंफणीस लागणारा कार्बनाचा सांगाडा साखरेंतूनच येतो, आणि नायट्रेटाचा अमोनिया करण्यास शक्तिही खर्चावी लागते. त्यांतून नवीं पानें भराभर निघतात, मुळांच्या वाट्यास कमी येतें, आणि शनिवारीं माझें यंत्र तींच पानें कापून नेई! नवीं पानें कमावतीं होईपर्यंत गवतानें जगावें तें शिलकेवर. त्यांत उन्हाळा, उष्म्यानें श्वसनाचा खर्च वाढतो. म्हणून नायट्रोजन विष आहे असें नव्हे. तो मुळींच न मिळालेलें पान फिकें पडतें आणि साखरही कमीच करतें. माझी चूक मात्रेची आणि वेळेची होती.

त्या सुमारास माझ्या पुतण्यानें वाढ रोखणारें औषध फवारण्याची सूचना केली. याची कथा मनोरंजक आहे. जपानांत भाताचीं रोपें एका रोगानें वेड्यासारखीं उंच वाढून कोलमडत. तो प्रताप बुरशीनें स्रवलेल्या द्रव्याचा, हें कुरोसावा यांनीं १९२६ मध्यें दाखविलें; १९३५ मध्यें याबुता यांनीं त्यास गिबरेलिन हें नांव दिलें. तें निरोगी वनस्पतींतही असतें. नाशिककडील बागाईतदार द्राक्षमणी लांबविण्यास तेंच वापरतात. ट्रिनेक्सापॅक-एथिल हें हिरवळीचें औषध उलट काम करतें: गिबरेलिन कार्यक्षम होण्याची अखेरची पायरी तें अडवितें. पेशी लांबत नाहींत, पान आंखूड पण गर्द होतें. साखर करणें चालूच राहतें; लांबी वाढविण्यांत न गेलेली साखर फुटवे, मुळें व साठा यांकडे वळूं शकते.

पण औषधाचा अंमल सरला कीं दबलेलें गवत नेहमींपेक्षां जोरानें वाढतें, आणि जमलेली शिल्लक त्या उसळींत जाऊं शकते. अंमल किती टिकेल हें पंचांग पाहून कळत नाहीं. उष्म्यांत औषध गवताच्या अंगांत लवकर जिरतें. अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठांतील क्रूझर आणि सोल्डॅट यांनीं २०११ मध्यें थंड हवेच्या बेंटगवतावर असें दाखविलें कीं रोजच्या सरासरी सेल्सिअस तपमानाची बेरीज दोनशें अंशांवर गेली कीं पुन्हां फवारावें. म्हणजे वीस अंशांत दहा दिवस, पंचवीस अंशांत आठच! गोल्फच्या मैदानाचा पगारी माळी हें गणित सांभाळील. मीं पुतण्याचे आभार मानले आणि बेत सोडला.

आषाढांत टक्कल पडलेल्या जागीं कुंपणाच्याच काश्या लावल्या. युरिया निम्म्यानें, तोही पावसाळ्यांतच. होळीनंतर चिमूटभरही नाहीं. यंत्राचें पातें दोन बोटें वर घेतलें. पुढच्या मे महिन्यांत एक काशी कापून आयोडीन टाकलें तेव्हां डाग पडला. कुंपणाच्या काशीइतका काळा नव्हे, जांभळट. मुलांना मात्र आतां गवतावर खेळूं देतों.