संख्यांच्या गावा (लेखांक ७) : नऊ एकांचा वर्ग

गेल्या आठवड्यात १११ म्हणजे ३ × ३७ हे आपण पाहिलं. आज एक ओळीने नऊ वेळा लिहू आणि त्या संख्येचा वर्ग करू. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. एकं-दहं-शतं म्हणत गेलं तर ‘मध्य’पर्यंत पोहोचतो, परार्धाला एक घर कमी पडतं.

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर अशा वर्गांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत. डेम्लो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचं जुनं नाव. या संख्यांचा नाद त्यांना तिथे लागला.

अंकांचा हा चढता-उतरता जिना येतो कुठून? गुणाकार कागदावर मांडा. नऊ एकांची ओळ नऊदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक असतो, शेजारी दोन, मग तीन, मधल्या स्तंभात नऊ. पुढे पुन्हा उतरण. कुठेच हातचा येत नाही, म्हणून बेरजा जशाच्या तशा उत्तरात उतरतात. आता एक वाढवा. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्तंभात दहा झाले, शून्य मांडून एक हातचा घेतला. शेजारचे नऊ त्यामुळे दहा झाले, तिथेही शून्य, पुन्हा हातचा. तो आठात मिळाला आणि आठाचे नऊ झाले. डाव्या बाजूचा आठ गायब!

हाच आठ आणखी एके ठिकाणी हरवलेला दिसतो. १११११११११ ला ९ ने भागा, उत्तर १२३४५६७९. एकाला ८१ ने भागत बसलात तर दशांशचिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच अंक फिरून फिरून येतात. १/८१ हा १/९ चा वर्ग, आणि १/९ म्हणजे ०.१११… म्हणजे पुन्हा एकांचाच वर्ग, फक्त न संपणाऱ्या. तिथेही दहाचा हातचा आठाला गिळतो.

मला मात्र हा जिना थोडा फसवा वाटतो. तो संख्येचा कमी, आपल्या दशमान लेखनाचा जास्त. आठ अंकांच्या पद्धतीत लिहिणाऱ्याला आपली ही संख्या अगदीच साधी दिसेल; त्याचा जिना सात एकांच्या वर्गाचा, माथ्यावर ७. लेखन बदललं तरी टिकतात ते अवयव. नऊ एक म्हणजे १११ × १००१००१. पैकी १११ आपल्या ओळखीचा, तर १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ संख्या आहे, पुढे फुटत नाही. म्हणून आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणा : ५ × ३ × ३. एवढ्या अवाढव्य संख्येला विभाजक जेमतेम पंचेचाळीस.

एकांची प्रत्येक रांग अशी फुटतेच असं नाही. ११ मूळ आहे. त्यानंतरची मूळ रांग थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची. रांगेची लांबी मूळ नसेल तर रांग मूळ असूच शकत नाही. का, ते पुढच्या आठवड्यात. तोवर सहा एक फोडून पाहा.