सावकाश कामाचा कॉम्प्रेसर

दिल्लीत अजमेरी गेटापासून लाहोरी गेटाकडे जाणारा स्वामी श्रद्धानंद मार्ग, म्हणजे जुना जीबी रोड, यंत्रांचा बाजार म्हणूनही ओळखला जातो. तळमजल्यावरच्या दुकानांत पंप, मोटारी, पाइप, व्हॉल्व आणि लहानमोठे कॉम्प्रेसर ओळीनं मांडलेले असतात. गिऱ्हाइकाला इथे बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो अश्वशक्तीचा. दोन एचपी की तीन? दुसरा टाकीचा: किती लिटर? घरच्या आवारात जुनी गाडी नव्यानं उभी करू पाहणाऱ्या माणसासाठी हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. त्यानं आधी ठरवायला हवं, की माझ्या कामाला दर मिनिटाला किती हवा लागेल, किती कोरडी लागेल आणि सलग किती वेळ लागेल.

या प्रश्नांची उत्तरं राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये, जरा वेगळी येतात, कारण इथलं जुन्या गाडीचं कामच वेगळं आहे. पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी या प्रदेशात रस्त्यावर आणू नये, हा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2018 मध्ये उचलून धरला. 2025 च्या जुलैत दिल्लीत अशा गाड्यांना इंधन न देण्याचा नियम लागू झाला, काही दिवसांत थांबला, आणि विषय पुन्हा न्यायालयात गेला. दुसऱ्या बाजूला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. गाडी पन्नास वर्षांची झाली आणि तिचं मूळ रूप शाबूत असलं, तर ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षांची. अशा गाडीतून रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच गाडी बाहेर काढता येते.

म्हणजे पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या गाड्या अधांतरी राहिल्या. गुडगावच्या कारखान्यातून आलेली पहिली मारुती 800 इंदिरा गांधींच्या हस्ते 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. ती गाडी पुढे कंपनीनं नीट दुरुस्त करून जपून ठेवली आहे. पण त्याच तुकडीतली एखादी गाडी आज एखाद्या घराच्या आवारात उभी असेल, तर तिला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला 2033 उजाडेल. कुर्ल्याला बनलेल्या सत्तरच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनी आत्ता कुठे त्या रेषेवर येत आहेत. अशा गाडीवर काम करणाऱ्याला घाई नसते. एका हिवाळ्यात दरवाजे, पुढच्या वर्षी बॉनेट, मग मडगार्ड. माझं ठाम मत आहे की घरच्या कॉम्प्रेसरची निवड या संथपणावर बेतावी. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानाला एका दिवसात अख्खी गाडी रंगवून बाहेर काढायची असते. त्याचं यंत्र पाहून आपलं ठरवू नये.

आता हवेचा हिशेब. हवेचं माप सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं सांगतात. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. कॉम्प्रेसरच्या पाटीवर अनेकदा जो आकडा असतो तो पिस्टननं सरकवलेल्या जागेचा असतो. टाकीपर्यंत प्रत्यक्ष पोचणारी हवा त्याहून बरीच कमी, लहान यंत्रात साधारण साठ-सत्तर टक्के. व्हॉल्वपाशी थोडी गळते, सिलिंडरच्या टोकाशी थोडी अडकून राहते, तापून फुगल्यामुळे आत येतानाच थोडी कमी येते. म्हणून दुकानदाराला विचारायचं ते असं: सात बारला खरी हवा किती? ‘एफएडी’, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, हा शब्द वापरला की जाणकार दुकानदार लगेच वेगळी पुस्तिका काढतो. उत्तर मिळालंच नाही, तर लहान पिस्टन कॉम्प्रेसरसाठी अश्वशक्तीमागे तीनच्या आसपास सीएफएम धरावेत.

हत्यारांची भूक फार वेगवेगळी असते. चाकाचे नट सोडवणारा अर्ध्या इंचाचा इम्पॅक्ट रेंच सरासरी चार-पाच सीएफएमवर भागवतो, कारण तो क्षणभरच चालतो. एचव्हीएलपी रंगाची गन नऊ ते चौदा मागते. तिच्या नावातच जास्त हवा आणि कमी दाब आहे. गनच्या टोकाच्या टोपीपाशी दाब जेमतेम 0.7 बार असतो, त्यामुळे रंगाचा धुरळा कमी उडतो आणि पत्र्यावर जास्त बसतो. हवेवर चालणारा गोल सँडर दहा-बारा सीएफएम खातो, आणि तेही सलग, अर्धा अर्धा तास. सँडब्लास्टिंगचं तीन मिलिमीटरचं नोझल वीसच्या घरात जातं. एवढी हवा देणारा कॉम्प्रेसर घरच्या सिंगल-फेज जोडणीवर चालवणं कठीण, आणि चालवू नयेच. गंजलेले भाग ब्लास्टिंगला बाहेर द्यावेत आणि घासकामाला विजेवरचा सँडर घ्यावा. या दोन गोष्टी यादीतून काढल्या, की सगळ्यात भुकेलं हत्यार रंगाची गन उरते, आणि आपण तिच्यासाठी यंत्र घेतो.

तीन एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर धरा. खरी हवा आठ सीएफएम. गन अकराची. टाकी 160 लिटरची, आठ बारला भरलेली. गनचा चाप ओढला की पहिलं मिनिटभर टाकीच पुरते, मोटर बंदच असते. दाब सहा बारला आला की प्रेशर स्विच मोटर सुरू करतो. त्यानंतर तूट तीन सीएफएमची, म्हणजे मिनिटाला 85 लिटर. दाब चार बारपर्यंत उतरायला आणखी पावणेचार मिनिटं लागतात. एकूण जवळजवळ पाच मिनिटं. मारुतीच्या बॉनेटचा एक हात दीड-दोन मिनिटांत होतो. दुसऱ्या हाताआधी रंग सुकू द्यायला दहा-पंधरा मिनिटं थांबावंच लागतं, आणि टाकी पुन्हा भरायला तीन मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे कागदावर गनपेक्षा तोकडा दिसणारा कॉम्प्रेसर एकेक पत्रा रंगवणाऱ्याला पुरून उरतो. टाकी साठ लिटरची असती तर हीच मुदत पावणेदोन मिनिटांवर आली असती, आणि बॉनेटच्या शेवटच्या पट्ट्यात दाब पडून रंग खडबडीत बसला असता. पूर्ण गाडी एका दमात रंगवायची असेल तर मात्र हे गणित कोसळतं. तसं काम भाड्याच्या पेंट-बूथमध्ये करावं.

पाच एचपीचा मोह इथे बरेच जण करतात. तो तीन फेज मागतो, मंजूर भार वाढवावा लागतो आणि त्याबरोबर दरमहाचा स्थिर आकारही. तीन एचपीची सिंगल-फेज मोटरसुद्धा चालताना चौदा-पंधरा अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट. सोळा अँपिअरच्या साध्या प्लगवर तिला लावणं म्हणजे प्लग हळूहळू जाळणं. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, योग्य एमसीबी आणि स्टार्टर हवाच. मे-जूनमध्ये गल्लीतले सगळे एसी चालू असताना व्होल्टेज 200 वर आलं, तर मोटरची उचल जवळपास चोवीस टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भरलेल्या टाकीविरुद्ध मोटर गुणगुणत राहते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जळतं. म्हणून मोटर बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज येतो की नाही, हे विकत घेतानाच कान देऊन ऐकावं. तो अनलोडर व्हॉल्वचा आवाज असतो. पिस्टनच्या डोक्यावरची हवा सुटली, तर पुढची सुरुवात हलकी होते.

आवाजाचा प्रश्न दिल्लीच्या वस्तीत टाळता येत नाही. साधा पिस्टन कॉम्प्रेसर एक मीटरवर ऐंशी ते नव्वद डेसिबल करतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 आहे. चार मजली ‘बिल्डर फ्लोअर’ इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तर तो आवाज छताला आदळून चारी मजल्यांवर जातो. पट्ट्याचा कॉम्प्रेसर थेट जोडलेल्या जलद मोटरच्या यंत्रापेक्षा संथ फिरतो आणि कमी कर्कश असतो. खाली रबराचे जाड पाय, भोवती हवा खेळेल असा आडोसा, आणि शेजारच्या घरात कोणी आजारी असेल त्या दिवशी काम बंद. तेलविरहित ‘सायलेंट’ यंत्रं साठ-सत्तर डेसिबलवर चालतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं तसंच यंत्र घ्यावं आणि कमी हवेत भागणारी एलव्हीएलपी गन वापरावी. काम हळू होईल, पण होईल.

आता पाणी. दिल्लीत कॉम्प्रेसर घेणाऱ्यानं सगळ्यात जास्त विचार याचा करावा, आणि सगळ्यात कमी विचार याचाच होतो. जुलैतली हवा 32 अंशांची, आर्द्रता ऐंशी टक्के: एका घनमीटरमध्ये साधारण 27 ग्रॅम बाष्प. तीच हवा आठ बारला दाबून चाळीस अंशांपर्यंत निवली, तर त्यातलं सहा ग्रॅमच्या आसपास बाष्प टिकतं, उरलेल्या 21 ग्रॅमचं पाणी होतं. आठ सीएफएमनं तासभर चालवलं तर जवळजवळ 280 ग्रॅम, म्हणजे पाव लिटरहून जास्त पाणी. हे टाकीच्या तळाशी साठतं, काही पाइपात जातं आणि काही गनमधून ओल्या प्रायमरवर उडतं. प्रायमरखाली अडकलेला थेंब लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी तिथे फोड येतो आणि फोडाखाली गंज. ज्या गाडीचा गंज काढायला दोन वर्षं घातली, तिला आपणच नवा गंज भरवतो.

मे महिन्यात हाच हिशेब उलटा. बेचाळीस अंश, आर्द्रता पंधरा टक्के. बाष्प इतकं थोडं, की गरम टाकीत जवळपास काहीच पाणी सुटत नाही. पण ‘लू’ हा उष्ण वारा बरोबर राजस्थानची धूळ आणतो, रंग पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकतो, आणि बहुधा 40 अंशांच्या हवेसाठी आखलेली मोटर तापून दमते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात घनमीटरमागे पाच-सहा ग्रॅम पाणी पुन्हा सुटतं, तेल घट्ट होतं आणि रंग वाळता वाळत नाही. दिवाळीच्या आगेमागे हवाच काजळलेली. माझ्या मते इथे रंगाचे हंगाम दोनच: होळीनंतरचे काही आठवडे, आणि पाऊस ओसरल्यावर धुरकं येण्याआधीचा ऑक्टोबर. बाकीचे महिने खोलणं, घासणं आणि पुट्टी यांचे.

म्हणून ठरवलेल्या पैशांतला एक हिस्सा यंत्राऐवजी हवा कोरडी करण्यावर घालावा. कॉम्प्रेसरमधून हवा गरमच निघते, आणि गरम हवेतलं बाष्प फिल्टरला सापडत नाही. पाण्याचा सापळा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवणं जवळपास व्यर्थ आहे. भिंतीवरून सात-आठ मीटर जीआय पाइप किंचित उतारानं न्यावा, सर्वांत खालच्या जागी ड्रेन कॉक बसवावा आणि गनसाठी फाटा पाइपाच्या वरच्या बाजूनं काढावा. त्यानंतर फिल्टर-रेग्युलेटर, आणि गनच्या आधी सिलिका जेलचा छोटा डबा. तेल घालणारा लुब्रिकेटर रंगाच्या नळीवर कधीही नको. तेलाच्या कणानं रंगात ‘फिश आय’चे खड्डे पडतात. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि जोडायला सोपा असला, तरी दाबाखाली फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. तो वापरू नये.

घडणीकडे पाहताना ओतीव लोखंडाचं हेड, तांब्याचं वाइंडिंग आणि सुटे भाग जवळच मिळतात का, एवढं पाहिलं तरी पुरे. या उद्योगाला देशात मोठी परंपरा आहे. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 ची, कोइंबतूरची एल्जी 1960 ची. त्यामुळे रिंग, व्हॉल्व-प्लेट, गॅस्केट मिळवण्याची वणवण नामांकित यंत्रांच्या बाबतीत सहसा करावी लागत नाही. तेल कॉम्प्रेसरचंच घालावं. इंजिन ऑइलमधली स्वच्छक द्रव्यं पाण्याला तेलात कालवून ठेवतात आणि व्हॉल्ववर काजळी धरते.

जुनं यंत्र घ्यायला हरकत नाही, पण जुन्या टाकीबाबत मी अजिबात सवलत देणार नाही. टाकी आतून गंजते, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. तिची जलदाब चाचणी करून घ्यावी. ती पाण्यानं करतात, कारण पाणी दाबलं जात नाही. टाकी फाटली तरी पाणी नुसतं गळतं. हवेनं तपासताना फाटली तर स्फोट होतो. सेफ्टी व्हॉल्वची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहावी.

आणि श्वास. आज जो टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन, रंग सर्रास वापरतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानंही उसळतो. धुरक्यासाठी घरात ठेवलेला एन-95 मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा. ती हवा तेलाच्या कॉम्प्रेसरमधून घ्यायची असेल, तर श्वसनासाठीचेच फिल्टर लागतात. त्याची सोय नसेल, तर पीयूचा हात बाहेरच्या बूथमध्ये मारून घ्यावा आणि घरी प्रायमरपर्यंतच थांबावं.

रंग झाल्यावरही कॉम्प्रेसरचं एक काम उरतं, आणि एनसीआरमध्ये वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीला ते रंगाइतकंच लागतं. दरवाजांच्या पोकळीत, पायऱ्यांखालच्या बंद पेटीत, डिकीच्या कोपऱ्यांत लांब लवचिक नळीनं कॅव्हिटी वॅक्स फवारायचं. पद्मिनी आणि पहिल्या मारुती याच जागांतून आतून बाहेर सडत आल्या. आधी त्या पोकळ्यांची तळाची छिद्रं हवेच्या झोतानं मोकळी करून घ्यायची, एक दिवस सुकू द्यायचं, मग मेण. याला चार-पाच सीएफएम पुरतात, आणि पावसाळ्याआधीचा कोरडा जून उत्तम.