पोटगीचा आकडा बदलतो, पण कसा?

घटस्फोट झाला, कोर्टाने पोटगी ठरवून दिली, हुकुमाची नक्कल ट्रंकेत गेली. पुष्कळांना वाटते, झाले, आता त्यात फेरफार नाही. पण मंडळी, कोर्ट आकडा ठरवते ते त्या वेळची परिस्थिती पाहून. त्या वेळी पोरगी बालवाडीत असते आणि तिच्या बापाच्या विहिरीला पाणी असते. पुढे पोरगी तालुक्याच्या हायस्कुलात जाऊ लागते, एस्टीचा पास आला, वह्यापुस्तके आली. इकडे विहीर आटते, नाहीतर बाप अंथरुणाला खिळतो. मग जुनाच आकडा जन्मभर चालवायचा का?

तसे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमात कायम पोटगी सांगितली आहे, आणि परिस्थिती बदलल्यास ती वाढवण्याची, कमी करण्याची किंवा रद्द करण्याचीही सोय त्याच कलमात आहे. मुलांच्या खर्चाचे हुकूमही पुढे बदलून मागता येतात. दुसरी वाट फौजदारी कोर्टाची. ती कोणत्याही धर्माच्या स्त्रीला खुली आहे, घटस्फोट झालेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या स्त्रीलासुद्धा. पूर्वी हे १२५ वे कलम म्हणून लोकांच्या तोंडी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात पोटगीचे कलम १४४ आणि फेरफाराचे १४६.

आता खरी गोम ऐका. परिस्थिती बदलली म्हणजे हुकूम बदलला, असे होत नाही. हुकूम कोर्टच बदलते, तेही कोणी अर्ज केला तर.

समजा, एका बाईला दरमहा चार हजारांचा हुकूम आहे. पूर्वीच्या नवऱ्याचा हात यंत्रात सापडला, काम सुटले. त्याने चुलत्याच्या हाती निरोप धाडला, “यापुढं दोनच हजार जमतील.” चार माणसे बसली, बाईने मान डोलावली. दोघांनाही वाटले, मिटले. पण कोर्टाच्या वहीत चार हजारच राहिले! दहा महिन्यांनी त्याच्या नावावर वीस हजारांची थकबाकी उभी. बाईने वसुलीचा अर्ज केला तर त्याच्यावर वॉरंट निघू शकते, आणि न भरल्यास थकलेल्या महिन्यांसाठी कैदही होऊ शकते. बरे, तुरुंगात बसल्याने देणे फिटते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ते स्पष्ट केले आहे. हात गेला त्याच महिन्यात डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज केला असता, तर कोर्टाने त्याचेही ऐकले असते. गरिबाचे नुकसान कायद्यापेक्षा अशा तोंडी तडजोडींनीच जास्त होते, असे मला वाटते.

बाईच्या बाजूनेही उशीर महागात पडतो. कलम १४४ खाली थकलेली रक्कम वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणि वाढ? ती आपोआप कधीच होत नाही. जुन्या फौजदारी कायद्यात महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली निघाली. पण मर्यादा निघाली म्हणून कुणाचे पाचशेचे हजार आपसूक झाले नाहीत. ज्यांनी अर्ज केले त्यांचेच कोर्टाने पाहिले.

बदल म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. तो हुकुमानंतर घडलेला हवा आणि खरा हवा. आजारपण, नोकरी जाणे, निवृत्ती, पगारवाढ, मुलांच्या शिक्षणाचा वाढलेला खर्च, हे चालते. पोटगी चुकवावी म्हणून मुद्दाम नोकरी सोडली, शेत भावाच्या नावे केले, तर कोर्ट सहसा फसत नाही. बाई चार घरची धुणीभांडी करू लागली एवढ्यावरून तिची पोटगी बंद होते, हाही गैरसमजच. तिने पुन्हा लग्न केले तर मात्र पोटगी रद्द करून मागता येते. पण दिलेले पैसे परत मागू नयेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या एका खटल्यात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बदल पुढच्या काळापुरता असतो, आधी दिलेली रक्कम उलट वसूल करता येत नाही.

गुरुजी, इथे तुमचे काम पडते. गावात कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. त्यांना सांगा, ज्या कोर्टाने हुकूम केला तिथेच जा. बरोबर जुन्या हुकुमाची नक्कल, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिले, सातबारा, दूध डेअरीचा हिशेब, पगाराचा कागद, जे असेल ते घ्या. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर लिहून द्यावी लागतात, तेव्हा लपवाछपवी नको. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी बाई घरी बसली असेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. कोर्टाच्या आवारात समितीची खोली विचारायची, आणि जाताना जुना हुकूम तेवढा विसरायचा नाही.