पोटरीचा पंप आणि फूटव्हॉल्व्ह

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाची कमाई उभ्यानेच झाली आहे. दोन साच्यांमधल्या, म्हणजे मागांमधल्या, अरुंद वाटेत कामगार बारा-बारा तासांची पाळी काढतो. तुटलेला धागा सांधायचा, कांडी बदलायची आणि पुन्हा जागेवर उभं राहायचं. पाळी सुटेपर्यंत पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. काही वर्षांनी पायावर निळसर शिरा वेड्यावाकड्या फुगून दिसू लागतात. ‘नसा फुगल्यात’ म्हणत घरचे तेल चोळून देतात.

उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेवर थेट हृदयापर्यंतच्या रक्ताचा भार असतो. पाऱ्याच्या मापात तो साधारण ८० ते ९० मिलिमीटर भरतो. माणूस चालू लागला की थोड्याच पावलांत तो ३०च्या आसपास उतरतो, कारण पोटरीचे स्नायू आवळले जाऊन आतल्या शिरांमधलं रक्त वर ढकलतात. तालमीत छाती आणि मांड्यांचं कौतुक होतं, पोटरीकडे कुणी बघत नाही. खरी हमाली तिचीच.

वर गेलेलं रक्त परत उतरू नये म्हणून शिरांना झडपा असतात. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. मोटार बंद पडली तरी पाइपातलं पाणी नदीत उतरू नये, यासाठीच तो तळाला फूटव्हॉल्व्ह बसवतो. पाडुआच्या फॅब्रिसियसने १६०३ साली शिरांमधल्या या झडपांचं वर्णन छापलं, पण त्यांचं काम त्याला उमगलं नव्हतं. ते त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८मध्ये सांगितलं: रक्त हृदयाकडेच जावं, मागे फिरू नये.

तासन्‌तास जागच्या जागी उभं राहिलं की पंप थंडावतो. शीर ताणून रुंद होते, झडपेच्या पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत, रक्त खाली गळतं आणि खालच्या झडपेवरचा भार वाढतो. आनुवंशिकता, बाळंतपणं आणि वजन यांचाही यात वाटा असतो. सगळा दोष साच्याला देता येणार नाही.

दाब तसाच राहिला तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते आणि एक दिवस तिथे जखम होते. इथेच माझी तक्रार आहे. महिनोन्‌महिने मलमं बदलली जातात, पण शिरेतल्या दाबाकडे कुणी बघत नाही. डॉपलर सोनोग्राफीत रक्त कुठून उलटं वाहतंय ते दिसतं. मग दाबपट्टी, लेझर किंवा शस्त्रक्रिया ठरवता येते. मात्र मधुमेह किंवा तंबाखू असेल, तर पट्टी बांधण्याआधी पायाच्या धमन्या तपासायलाच हव्यात. फुगलेली शीर फुटली तर वरच्या बाजूला फडकं आवळू नका, त्याने रक्तस्राव वाढतो. आडवं व्हा, पाय उंच धरा, फुटलेल्या जागी दाबून ठेवा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, म्हणून तिथे चोळणं नको आणि उशीरही नको.

पायाला दुसरा निचराही आहे, लसिकावाहिन्यांचा. पेशींभोवती उरलेलं पाणी आणि प्रथिनं त्या गोळा करतात. त्या तुंबल्या की सूज पावलावर आणि बोटांवरही येते, पुढे कातडी जाड होते. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता आली नाही, तर डॉक्टरांना लसिकावाहिन्या तुंबल्याचा संशय येतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जांघेतल्या लसिकागाठी काढल्यावर असं होऊ शकतं. आपल्या देशातलं मोठं कारण मात्र हत्तीरोग. महाराष्ट्रात त्याचा जोर विदर्भात जास्त. उत्तर प्रदेश, बिहारमध्येही तो आहे आणि तिथली माणसं इचलकरंजीच्या कारखान्यांत काम करतात. म्हणून सुजलेला पाय पाहताना गाव विचारलेलं बरं.

गटारात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातून हत्तीरोगाचे कृमी शरीरात शिरतात आणि लसिकावाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. त्यांची पिल्लं बहुधा रात्रीच रक्तात उतरतात, डास चावतात त्याच वेळी. म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दारात येतात. गोळ्यांनी कृमींना आवर बसतो, पण जुनी सूज सहसा ओसरत नाही. तापासह पाय लाल होण्याचे झटके बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांमधून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात. रोज साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या केल्या की ते बरेच कमी होतात.